दोन बोटं मोकळी

९ एप्रिल

धाकट्या,

'प्रिय' लिहिलं नाही म्हणून लगेच नाक फुगवू नकोस. सहा वर्षांनी पत्र लिहायला बसले तर तो शब्द कुठे ठेवायचा तेच कळेना. पत्ता टायरवाल्याकडून मिळाला. म्हणाला, तू समुद्राकडच्या त्या गावात पाण्याचे पंप दुरुस्त करतोस, लग्न केलंस, आणि घराच्या फाटकाला हिरवा रंग दिलायस. हिरवाच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी टायर विकतो."

कामाचं लिहिते. बाबांची छाती बरी नाही. मार्चमध्ये गरम वारा सुटला त्या दुपारी आपल्या गाड्यांच्या कारखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचे ओठ निळे पडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, यापुढे उष्मा म्हणजे विष. आणि नेमकं आताच त्यांनी मनात घेतलंय, तुझ्याकडे यायचं. मी म्हटलं, पत्र टाकते, तोच येईल. तर म्हणाले, "मी हाकललं त्याला. आता बोलावणं माझ्या तोंडी शोभत नाही. जाणं शोभतं."

"मग थंडी तरी पडू दे."

"थंडी पडेल गं. मी असेन का, ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार."

विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि औषधाची वेळ तेवढी पुन्हा सांगितली.

तुझ्यापर्यंत दोनशे मैल. मधला माळ तुला ठाऊक आहे. झाड नाही, रेल्वे नाही, आणि रस्ता असा की अंधारात नेली तर चाक कुठल्या खड्ड्यात जाईल सांगता येत नाही. म्हणजे दिवसाच जायला हवं. गाडी तीच आहे, टोपीवाल्या साहेबाने परत आणून टाकलेली. सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन मी चालू केलंय. पण दिवसा ती गाडी म्हणजे भट्टी, पुढून इंजिन पाय भाजतं आणि वरून टप डोकं.

मला तुझ्या नळकांड्याची मापं हवीत. मी विसरले नाही हे कळावं म्हणून लिहिते: खिडकीच्या काचेवर अडकवायचं पत्र्याचं जाड नळकांडं, पुढे वारा शिरायला तोंड, पोटात पाणी आणि लाकडाच्या सालपटांची फिरती गादी. दोरी ओढली की गादी पाण्यात बुडून वर येते. गाडी पळते, कोरडा वारा ओल्या गादीतून आत शिरतो आणि शिरता शिरता गार होतो. तू हे पहिल्यांदा समजावलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे गाडीला नाक लावतोयस, आणि तेही वाहतं." तू हसला नव्हतास.

त्या दिवशी जे झालं ते झालं. त्यावर मला आता काही लिहायचं नाही. मापं पाठव.

ताई

१७ एप्रिल

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. टपाल इथून तिथे सहा-सात दिवस घेतं, त्यात तुझा स्वभाव धरून आणखी चार मोजते. पण एप्रिल माझ्यासाठी थांबत नाही, म्हणून मीच कामाला लागले.

टपाला वरून पांढरा रंग दिला. त्याच्यावर चार बोटं उंच लाकडी पट्ट्या ठोकून पांढऱ्या कापडाचा दुसरा टप ताणला, म्हणजे ऊन पहिल्या टपावर पडायलाच नको. इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्याला आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला. एवढं माझं काम, ते मला येतं. पत्र्याचं मात्र मला कधी जमलं नाही. नळकांड्याला तीनदा डाख दिला आणि तीनदा ते गळलं. बाबा खुर्चीवरून बघत होते. "डाख देतेयस की खरकटं लावतेयस?" म्हणाले. चौथ्यांदा धरलं.

सालपटं सुताराकडून आणली. भिजवल्यावर सगळ्या कारखान्याला तो वास सुटला. तुला आठवतं, उन्हाळ्यात आई खिडकीत ओली चादर लावायची? आपण दोघं खाली फरशीवर पडून असायचो. उजेड पाण्यातून यावा तसा यायचा आणि चादरीतून गार झुळूक. तू चादरीला कान लावून म्हणायचास, पलीकडे नदी आहे. मी म्हणायचे, पलीकडे शेजाऱ्याचं गाढव आहे. आणि मग तेवढ्यात गाढव ओरडायचं, आणि तू तरीही म्हणायचास, नदीच्या काठावर असेल. सालपटं भिजली तेव्हा मी हातातलं काम टाकून थोडा वेळ उगाच उभी राहिले. वाटलं, आई आतून हाक मारील.

काल गाडी माळापर्यंत नेऊन पाहिली, एकटीच. धूळ उडते म्हणून काचा वर, सगळं बंद, फक्त नळकांड्याचं तोंड उघडं. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. मग काचांवर आतून थेंब धरले, कपडे अंगाला चिकटले आणि श्वास जड झाला. नाकासमोर कुणी ओला बोळा धरावा तसं. पाव तासाने दार उघडून बाहेर पडले तर उन्हात बरं वाटलं. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे त्या वेळी झालं तेच. पोराची कल्पनाच मुळात चुकलेली होती."

काय चुकतंय ते मला कळत नाहीये. तुला कळत असेल तर कळव.

ताई

२५ एप्रिल

धाकट्या,

मागच्या पत्राची शेवटून दुसरी ओळ खोटी आहे. काय चुकतंय ते मला कळतं. सहा वर्षं कळतं.

आता एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा टपाचं आणि नमद्याचं लिहीत बसेन.

तू टोपीवाल्या साहेबाच्या गाडीच्या मागच्या पडद्यात चीर पाडलीस, आडवी, वीतभर. माझ्या टपात. मला न विचारता. ते चामडं मी पंधरा दिवस तेल लावून मऊ केलं होतं, दाभणाने बोटं फोडून घेतली होती. सकाळी येऊन बघते तर मागे भगदाड. मी विचारलं, हे काय? तू तोंडात खिळे धरून म्हणालास, "राहू दे ते, लागतं." लागतं! का लागतं ते सांगायला तुझी जीभ झिजणार होती. त्यातच साहेबाची बायको येऊन गेली, म्हणाली मागून धूळ येईल, माझ्या आईला खोकला आहे. बस, मला तेवढंच हवं होतं. तू जेवायला गेलास तेव्हा मी आत शिरले आणि ती चीर आतून शिवली. मागे नमद्याची पट्टी घातली, टाके असे लपवले की बाहेरून नुसती घडी दिसावी. आयुष्यात इतकं देखणं काम मी पुन्हा केलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. काचा बंद करून ती माणसं माळावर निघाली. वारा आत येत राहिला, पाणी घेऊन येत राहिला, आणि त्याला जायला वाट नव्हती. म्हातारीची शुद्ध हरपली. जगली बिचारी, पण साहेबाने कारखान्यात येऊन सगळ्यांसमोर गाडीची किल्ली बाबांच्या पायाशी फेकली. बाबा त्याला काही बोलू शकले नाहीत, म्हणून तुला बोलले. "तुझ्या पत्र्याच्या खेळापायी माणूस मेलं असतं. पुन्हा या दारात दिसू नकोस."

दुसऱ्या दिवशी गाडी साफ करायला मी आत गेले. मागच्या पडद्याला हात लावला तर नमद्याची पट्टी पाण्याने निथळत होती. तेव्हा मला कळलं, चीर कशाला होती. तू गेलास त्यानंतर दोन दिवसांनी. म्हणजे दोन दिवस होते माझ्याकडे. तू माळ्यावर तुझी हत्यारं बांधत होतास, ठकठक ऐकू येत होती. मी खाली बसून एका गादीची एकच शिवण पुन्हा पुन्हा घालत होते. सांगायला आले होते, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत. मग परत फिरले.

ती चीर अजून शिवलेलीच आहे. मागच्या आठवड्यात गाडी घेऊन गेले तेव्हाही शिवलेलीच होती. उसवायला काय लागतं, एक पातं. पण बाबा खुर्चीवर बसलेले असतात. "काय उसवतेयस गं?" असं विचारलं तर काय सांगू? एवढ्यासाठी मी बंद गाडीत बसून घाम काढला आणि वर तुलाच विचारलं, काय चुकतंय. एवढी तुझी ताई भित्री आहे. जगाला वाटतं, हिच्या जिभेला हाड नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. हे वाचून तू फाटकाला आतून कडी घातलीस तर मी बाबांना समजावेन, पण निदान ते तरी निळे न पडता पोचावेत एवढं माझ्या मनात आहे. त्यासाठी ती चीर उघडायला हवी, आणि ती उघडायची तर सगळंच उघडावं लागेल.

ताई

२ मे

धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. मोजून तीन ओळी. "ताई, टाके उसव. दोन बोटं मोकळी ठेव, जास्त नको. धुळीसाठी बाहेरून बारीक जाळी लाव."

पहिल्यांदा वाचून मला इतकं हलकं वाटलं की डोळे पुसायला तेलाचा बोळा उचलला आणि तोंड काळं करून घेतलं. वाटलं, माझं कबुलीचं पत्र पोचलं, आणि तू रागावला नाहीस. मग जेवण झाल्यावर पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा वरची तारीख दिसली. चोवीस एप्रिल. मी टाक्यांबद्दल लिहिलं ते पंचवीसला.

चष्मा लावून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. चोवीसच.

म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून? जायच्या आधीपासून असणार. त्या दोन दिवसांत तू कधीतरी गाडीत शिरला असशील आणि मागे हात लावला असशील. माझा टाका तू डोळे मिटूनही ओळखतोस, लहानपणी तुझ्या सगळ्या चड्ड्यांना तोच होता. ओळखलास, आणि वर जाऊन हत्यारं बांधलीस.

का, ते मला दुपारभर कळत नव्हतं. मग कळलं. त्याच वर्षी मी सासर सोडून परत आले होते. मला तिसरं दार नव्हतं. बाबांना कुणाला तरी घालवायचंच होतं, तर हातात कसब असलेला तू गेलास आणि मला आत ठेवलंस. आणि मी सहा वर्षं मनात म्हणत राहिले, साधं एक पत्र टाकत नाही, किती हा अहंकार! अरे, तू पत्रात लिहिणार तरी काय होतास?

आज टाके उसवले. बाबा खुर्चीवर होतेच. "काय उसवतेयस?" म्हणाले. "एक जुनी चूक," मी म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. सगळं सांगायचं अजून बाकी आहे. दोन बोटं मोकळी ठेवली, जाळी लावली आणि माळावर जाऊन आले. धाकट्या, ते चालतं. इतकं साधं आणि इतकं सुरेख चालतं! वारा पुढून येतो आणि तुझ्या चिरेतून अलगद निघून जातो. काचा कोरड्या, मान गार.

आठ तारखेला निघतो आहोत. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या, मग दवाखान्याच्या भिंतीवरचा स्वतःचा तापमापक मला दिला. आतला पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर गेला तर मागे फिरायचं, असं वचन घेतलंय.

ताई

८ मे, भर दुपार

धाकट्या,

माळ संपतो तिथे पाण्याची टाकी आहे, तिच्या राखणदाराच्या खोलीत आहोत. दगडी भिंती, गार फरशी. बाबा खाटेवर झोपलेत. ओठ पाहिले, गुलाबी आहेत. राखणदार गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "हिला नाक आहे की!" तुला हे कळवलंच पाहिजे असं वाटलं.

सकाळी उजाडता निघालो. आठला ऊन लागलं, दहाला माळ सगळा पांढरा झाला. बाहेर पारा एकशे आठ, आत शहाऐंशी. दोरी बाबांच्या हातात दिली होती. ते दर दोन मिनिटांनी इमानाने ओढत होते आणि गादी आत डुबुक करून वळायची. नंतर नंतर मला गाडी चालवतेय असं वाटेना. रस्त्यावर लांब पाण्यासारखं काहीतरी चमकायचं आणि आपण जवळ गेलो की पुढे सरकायचं. आत ओल्या लाकडाचा वास, मानेवर झुळूक. बाबांच्या चेहऱ्यावर तो चादरीतला उजेड होता. चादर कुठली, पांढऱ्या कापडातून गाळून आलेलं ऊन, पण तोच. ते मध्येच म्हणाले, "तुझ्या आईला सांग, चादर पुन्हा भिजव." मी म्हटलं, "सांगते." काय बिघडलं? मग थोड्या वेळाने दोरीच्या डुबुक आवाजाकडे कान देऊन म्हणाले, "नदी आहे वाटतं जवळ." गाढव म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

त्या आवाजातच मी सांगितलं. रस्त्याकडे बघत, हात चाकावर ठेवून. चीर, नमदा, लपवलेले टाके, जिन्याची चौथी पायरी, तुझं पोस्टकार्ड आणि त्याच्यावरची तारीख. बाबांनी दोरी ओढायची थांबवली. आत गरम व्हायला लागलं. चार-पाच मैल असेच गेले. पारा एकोणनव्वदवर आला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, काय बोलायचं ते बोला, पण दोरी ओढा."

त्यांनी ओढली. मग म्हणाले, "म्हणजे चूक तू केलीस, रागावलो मी आणि घर सोडलं त्याने. तिघांनी काम छान वाटून घेतलं."

मी रडले. गाडी चालवताना रडू नये, रस्ता आधीच पाण्यासारखा दिसत होता. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुष्कळ वर्षांनी. म्हणाले, "मलाही त्याने चीर का पाडली ते विचारता आलं असतं. मी आयुष्यभर गाड्या बांधल्या. वारा आत आला तर बाहेर जायला हवा, हे मला कळायला नको होतं? पण साहेब समोर उभा होता आणि माझं नाक कापलं गेलं होतं."

बाहेर राखणदार पिंपं भरून देतोय. उद्या पहाटे निघू. पत्र टपालात टाकणार नाही. इथे पेटीच नाही, आणि असती तरी माझ्यानंतरच पोचलं असतं. हातातच देईन.

९ मे, सकाळ

धाकट्या,

तुझ्या गल्लीत आहे. समोर हिरवं फाटक. टायरवाल्याने सांगितला त्यापेक्षा रंग बराच उडालाय, पण ते नंतर बोलू.

दहा मिनिटं झाली, मी उतरले नाही. म्हटलं, बाबांना झोप लागलीय, मोडायला नको. हेही अर्धंच खरं. ओठ गुलाबी आहेत आणि दोरी अजून मुठीत आहे. इथे हवा दमट आहे. तुझ्या नळकांड्याचा इथे काही उपयोग नाही हे तुला पहिल्याच वर्षी कळलं असेल. म्हणूनच पंपांकडे वळलास का? सगळी गल्ली गार आणि मऊ वाटते, अजून झोपेत असल्यासारखी. एक बाई ओसरी धुतेय, तिने दोनदा इकडे पाहिलं. ती तुझी बायको असेल तर माझी पहिली ओळख अशी होणार, गाडीत बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहिणारी वेडी नणंद.

तिने आत हाक मारली.

तू बाहेर आलास. केस पातळ झालेत. मला वाटलं होतं, तू थांबशील, ओळखशील, काहीतरी म्हणशील. तू फाटक उघडलंस आणि माझ्याकडे न बघता गाडीला वळसा घालून मागे गेलास. बाजूच्या आरशात दिसतोयस. वाकलास. जाळी वर केलीस. चिरेत दोन बोटं घातलीस. बसली, बरोबर बसली. तू तिथेच उभा आहेस, बोटं तशीच ठेवून, आणि तुझे खांदे हलतायत.

बाबांना जाग आली. "मागे कोण आहे गं?" असं विचारतायत. आता ते तूच सांग, मी पेन्सिल ठेवते.